खराटा हाती घेतलेला पाहुणा

शनिवारी मध्यरात्रीच्या सुमारास बोरीबंदरहून सुटणाऱ्या कसाऱ्याच्या शेवटच्या गाडीत पाठपिशव्या बांधलेली तरुण मंडळी दिसू लागल्याला आता काही दशके लोटली आहेत. गिरगावातील चाळींतून, दादरच्या मध्यमवर्गीय वस्त्यांतून, लालबाग-परळच्या गिरणगावातून निघालेली ही मुले-मुली पहाटे कसाऱ्यास उतरतात आणि मिळेल त्या जीपने कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या पायथ्याच्या गावी पोहोचतात. आठवडाभर कचेरीत वा महाविद्यालयात कोंडलेल्या जिवाला सह्याद्रीचा वारा हवाहवासा वाटावा, यात नवल नाही. समाधान वाटावे अशी गोष्ट ही, की यांपैकी काहींना नुसता पाहुणचार घेऊन परतणे आता पुरेसे वाटत नाही. गडावरच्या टाक्यांतील गाळ काढणे, प्लास्टिक वेचून खाली आणणे, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करणे, अशा कामांसाठी पदरचे पैसे खर्चून रानात जाणारे लोक या शहरात आहेत.

या सेवावृत्तीची एक पुढची पायरी कल्पिता येते, आणि अमेरिकेत ती प्रत्यक्षात रुळलेली आहे. तेथील सरकारी वनांत पर्यटकांसाठी जागोजाग छावण्यांची मैदाने आखलेली असतात. अशा मैदानावर एखादा स्वयंसेवक, पुष्कळदा एखादे निवृत्त जोडपे, हंगामभर मुक्काम ठोकून राहते. येणाऱ्यांचे स्वागत करावे, तंबूची जागा दाखवावी, शेकोटीचे नियम समजावून द्यावेत, रात्री गोंगाट होऊ देऊ नये, स्वच्छतागृहे झाडावीत आणि काही विपरीत घडल्यास वनाधिकाऱ्यांस कळवावे, असे त्याचे काम. मोबदला म्हणून त्याला राहावयास जागा फुकट मिळते. पगार नसतो. त्याला तेथे छावणीचा ‘यजमान’ म्हणतात. नोकरीतून निवृत्त झालेले, हातीपायी धड असलेले शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी दादर-गिरगावात थोडे नाहीत. महाराष्ट्रातील वनजमिनींवर तंबूंची गर्दी दरसाल वाढत असताना अशी प्रथा येथेही का आणू नये, असा विचार कोणाच्याही मनात यावा. तो विचार वाईट नाही. परंतु तो अमलात आणण्यापूर्वी ‘यजमान’ या शब्दापाशी थांबून विचारले पाहिजे, की ज्या रानात तंबू पडणार आहेत त्या रानाचा यजमान कोण?

प्रथम अमेरिकेचीच गोष्ट घ्यावी, कारण तिच्यात एक धडा आहे. १९३३ साली, महामंदीच्या ऐन भरात, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांचे एक वनसंधारण दल उभारले. १९४२ पर्यंत सुमारे तीस लक्ष तरुण त्यातून काम करून गेले. त्यांनी झाडे लावली, वणवे विझविले, पायवाटा खोदल्या आणि आज जेथे लोक तंबू ठोकतात त्यांपैकी कितीतरी मैदाने तयार केली. या तरुणांना महिना तीस डॉलर वेतन मिळे व त्यांतील बहुतांश, साधारणपणे पंचवीस डॉलर, थेट त्यांच्या घरी धाडले जात. म्हणजे अमेरिकेतील सार्वजनिक वनांचे वैभव ज्या हातांनी उभे केले, त्या हातांना राज्यसंस्थेने मजुरी दिली होती. पुढे १९७० साली राष्ट्रीय उद्यानांसाठी व १९७२ साली राष्ट्रीय वनांसाठी स्वयंसेवकांचे कायदे झाले आणि विनावेतन सेवेला रीतसर स्थान मिळाले. त्यातून पुष्कळ चांगले काम झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच देशाच्या सरकारने वनखात्यातील सुमारे ३,४०० व राष्ट्रीय उद्यानांतील सुमारे १,००० नोकरदारांना एका झटक्यात घरी बसविले. न्यायालयांच्या आदेशानंतर काहींना परत घ्यावे लागले. पगारी माणूस काढून टाकावयाचा आणि ओस पडलेल्या जागी नागरिकांच्या सद्भावनेला हाक द्यावयाची, हा मोह कोणत्याही काटकसरी सरकारला होऊ शकतो. त्या क्षणी स्वयंसेवकाची सेवा, त्याच्या नकळत, दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारी ठरते.

महाराष्ट्राला या बाबतीत परदेशाकडून शिकण्याची फारशी गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात या राज्याने रोजगार हमी योजना हाती घेतली व १९७७ साली तिचा कायदा केला. कष्ट करू इच्छिणाऱ्याला काम मिळणे हा त्याचा हक्क आहे, हे तत्त्व येथे कायद्यात उतरले. २००५ साली केंद्राने राष्ट्रीय पातळीवर कायदा केला तो या अनुभवाच्या आधारावर. नालाबांध, वनीकरण, मृद्संधारण यांची कितीतरी कामे या योजनेतून झाली. आणि या योजनेसाठी पैसा कोठून आला? १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला आणि दादर-गिरगावच्या पगारदारांच्या वेतनातून तो कापला जाऊ लागला. कचेरीत बसणाऱ्याने आपल्या पगारातून रानातल्या मजुराच्या हक्काच्या मजुरीचा वाटा उचलला. पावती फाडून दिलेल्या देणगीहून ही गोष्ट फार निराळी होती, कारण देणाऱ्याला उपकाराचा गर्व वाहता येत नव्हता आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नव्हती. शहर आणि रान यांच्यामधला सर्वांत निरोगी संबंध तो हाच.

याचा अर्थ विनामूल्य श्रमाला समाजवादी विचारात स्थान नाही, असा मात्र नव्हे. राष्ट्र सेवा दलाची १९४१ पासूनची परंपरा श्रमदानावरच पोसलेली आहे. बाबा आमट्यांनी सोमनाथच्या रानात तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरविल्या, तेव्हा शहरातल्या मुलांनी तेथे कुदळ-फावडे हाती घेतले. छावणी हा शब्द या चळवळीला परका नाही. त्या छावण्यांत तरुणाला स्वतःचे हात ओळखता येत आणि घाम गाळणाऱ्याविषयी त्याच्या मनात आदर उत्पन्न होई, हे त्यांचे खरे फळ होते. स्थानिक मजुराची मजुरी वाचविणे हा त्यांचा हेतू नव्हता. श्रमदान आणि फुकटची वेठ यांच्यातली रेषा बारीक आहे. ती श्रम करणाऱ्याच्या मनात नसते, त्या श्रमाचा लाभ कोणाला होतो यात असते.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. सह्याद्रीतील रान सार्वजनिक आहे, असे म्हणताना ‘सार्वजनिक’ या शब्दाचा इतिहास विसरता येत नाही. १८७८ व १९२७ च्या वनकायद्यांनी इंग्रज सरकारने ही राने आपल्या मालकीची केली. ज्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी, वारली कुटुंबांच्या पिढ्या त्या रानात नांदल्या, ते आपल्याच घरात अतिक्रमण करणारे ठरले. सरपणाची मोळी, मोहाची फुले, गुरांची चराई या गोष्टी हक्काच्या होत्या त्या सवलतीच्या झाल्या, आणि सवलत कधीही काढून घेता येते. स्वातंत्र्यानंतर मालक बदलला, फाटकावरचा पहारा बदलला नाही. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच हा ऐतिहासिक अन्याय मान्य करण्यात आला. त्या कायद्याने ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही त्या ग्रामसभेच्या हाती आला. रानाचा यजमान कोण, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. ते कागदावरून जमिनीवर उतरणे तेवढे बहुतेक ठिकाणी बाकी आहे.

ते उतरत नाही म्हणून काय करावे लागते, हे दादर-परळच्या लोकांनी आपल्या दारात पाहिले आहे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो शेतकरी किसान सभेच्या झेंड्याखाली मुंबईकडे चालू लागले. त्यांत मोठा भरणा आदिवासींचा होता आणि त्यांच्या मागण्यांत कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क ही मागणी अग्रभागी होती. ११ मार्चच्या रात्री ते शीवजवळच्या मैदानावर थांबले. दुसऱ्या दिवशी शालान्त परीक्षेचा पेपर होता. मुलांना अडचण होऊ नये म्हणून, सहा दिवस चालून पायांना फोड आलेले हे लोक, मध्यरात्रीनंतर पुन्हा उठले आणि शीव, दादर, परळ, लालबाग, भायखळा असे चालत पहाटे आझाद मैदानावर पोहोचले. ज्या रस्त्याने गिरणी कामगारांचे मोर्चे गेले, त्याच रस्त्याने त्या रात्री रानातली माणसे गेली. मुंबईकरांनी ठिकठिकाणी पाणी, बिस्किटे, फळे पुढे केली. कोणी आपल्या पायांतल्या चपला काढून दिल्या. त्या रात्री शहर यजमान होते आणि आपल्या परीने त्याने यजमानपण निभावले. परंतु त्याहून मोठे औदार्य पाहुण्यांचे होते. अनोळखी शहरातल्या अनोळखी मुलांच्या परीक्षेची काळजी त्यांनी वाहिली. पाहुण्याने कसे वागावे, याचा याहून चांगला वस्तुपाठ मिळणे कठीण.

हीच माणसे शनिवार-रविवारच्या पर्यटकांना आपल्या गावी भेटतात. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पाचनईसारख्या गावांत घरोघरी पिठले-भाकरी मिळते, वाट दाखविणारा मिळतो, पडवीत पथारी मिळते. गावातल्या बाईने चुलीच्या धुरात डोळे चोळीत केलेल्या या भाकरीची किंमत पर्यटकाला पुष्कळदा कळत नाही. गिरणगावाला मात्र ती कळावी. मुलूख सोडून आलेल्या एकट्या गिरणी कामगाराला येथे ज्या बायकांनी जगविले, त्या खाणावळवाल्याच होत्या. सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या या बायकांचे काम कित्येक वर्षे कोणी काम म्हणून मोजले नाही. सावकाराच्या व्याजात त्या बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेले, तेव्हा पाहुण्याला जेवू घालणे हादेखील श्रम आहे व त्याला प्रतिष्ठा आणि मोल असले पाहिजे, ही गोष्ट शहराला उमगली. सह्याद्रीच्या कुशीतील चुलींनाही तोच न्याय लागू आहे. तेथे शहरातून आलेला कोणी सद्गृहस्थ फुकट यजमान म्हणून बसला आणि त्याच्यामुळे गावातल्या बाईची भाकरी किंवा गावातल्या पोराचा वाटाड्याचा रोज बुडाला, तर त्या सेवेला सेवा म्हणवणार नाही.

वनखात्याच्या मजुरांचा अनुभवही हेच सांगतो. पुण्याजवळ पाचगाव-पर्वतीच्या वनजमिनीवर शहरवासीयांच्या विरंगुळ्यासाठी उद्यान फुलविण्याची योजना वनखात्याने हाती घेतली. तेथे राबणारे मजूर वर्षानुवर्षे हंगामी म्हणूनच ठेवले गेले. त्यांनी न्याय मागितला तेव्हा खात्याचे म्हणणे असे, की हे राज्याचे सार्वभौम कार्य आहे, उद्योग नव्हे. म्हणून कामगार कायदा येथे लागू नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला आणि माणसांना वर्षानुवर्षे हंगामी ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित करणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असा निर्वाळा दिला. शहरातला माणूस ज्या हिरवळीवर पाय पसरतो, तिच्यामागे कोणाचा तरी रोज असतो. जे काम वर्षभर चालणारे आहे, मग ती जाळरेषा काढणे असो, स्वच्छतागृह झाडणे असो की फाटकावर नोंद ठेवणे असो, त्यासाठी नियमित वेतनावर, निवृत्तिवेतनाच्या व आजारपणाच्या तरतुदींसह, स्थानिक माणूस नेमला गेलाच पाहिजे. स्वयंसेवकाच्या योजनेचा पहिला नियम हाच असावा, की तिच्यामुळे असे एकही पद रिकामे राहता कामा नये.

या आग्रहाला आज विशेष निकड आली आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात २०२३ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार मंजूर आराखड्यात समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा यापुढे ‘वनेतर वापर’ मानल्या जात नाहीत. रानात पर्यटनाची दारे यामुळे रुंद झाली. मोठ्या शहरांत बसून दूरध्वनीवर तंबूंची नोंदणी करणारे धंदेवाईक मध्यस्थ आधीच पुढे सरसावले आहेत. नफा शहरात येतो आणि गावाच्या वाट्याला भांडी घासणे व कचरा उचलणे येते. जमिनीचा वापर बदलला, की त्या जमिनीवर घाम गाळणाऱ्याला शेवटी विचारले जाते, हे गिरणगावाने सोसलेले सत्य आहे. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश घरबांधणीसाठी मिळावयाचा होता. २००१ च्या बदलाने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या तुकड्यांपुरती उरली व २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. १९८२ चा संप लढलेल्या कामगारांच्या नातवंडांना खेळावयास मैदान नाही, आणि म्हणून तीच नातवंडे मोकळा श्वास घेण्यासाठी कसाऱ्याची गाडी पकडतात. आपल्या आजोबांच्या बाबतीत जे घडले, ते रतनवाडीच्या वा पाचनईच्या कोणा आजोबांच्या बाबतीत आपल्या उपस्थितीने घडू नये, एवढे भान त्यांनी राखावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

असा प्रश्न विचारला जाईल, की मग शहरातल्या सेवेच्छू माणसाने करावयाचे तरी काय? गर्दीचे दुष्परिणाम डोळ्यांसमोर असताना त्याने घरी बसावे काय? मुळीच नव्हे. मे अखेरीस व जूनमध्ये भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहावयास लोटणारी गर्दी घ्यावी. काजव्याचा प्रकाश हा नर-मादीचा एकमेकांना दिलेला संकेत असतो. मोटारींचे दिवे आणि हातातल्या विजेऱ्या तो संकेत बुजवून टाकतात, आणि गवतात, जमिनीवर असलेले काजवे पायांखाली चिरडले जातात. मोठ्या मोटारीतून आलेल्या, मद्याने ताठलेल्या शहरी माणसाला दिवे मालवावयास सांगण्याची हिंमत गावातल्या पोराला सहजी होत नाही. केली तरी त्याचे ऐकले जाईलच असे नाही. तेथे दादरचा निवृत्त मुख्याध्यापक उभा असेल, तर तो आपल्याच वर्गाच्या माणसाला आपल्याच भाषेत खडसावू शकतो. स्वयंसेवकाचे खरे क्षेत्र हे आहे. गावकऱ्याला निसर्गप्रेम शिकविण्यासाठी त्याने रानात जाऊ नये. आपल्या शहराला शिस्त लावण्यासाठी जावे.

याचे एक चांगले उदाहरण मुंबईतच आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबटे आणि माणसे यांचा संघर्ष पेटला, २००४ च्या सुमारास माणसे बळी पडली, तेव्हा बिबटे पकडून दूर नेऊन सोडा, अशी हाकाटी झाली. २०११ साली ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम वनखाते, संशोधक विद्या अत्रेय व नागरिक यांच्या सहकार्याने सुरू झाला. स्वयंसेवकांनी वनरक्षकाची जागा घेतली नाही. ते वस्त्यांत गेले, शाळांत गेले, वृत्तपत्रांशी व पोलिसांशी बोलले. कचऱ्यामुळे कुत्री वाढतात व कुत्र्यांमागे बिबट्या येतो, बिबट्या दिसणे म्हणजे हल्ला नव्हे, जमाव जमविल्याने धोका वाढतो, अशा साध्या गोष्टी त्यांनी लोकांच्या गळी उतरविल्या. त्याच उद्यानाच्या इतिहासात दुसरे एक पानही आहे. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तेथील हजारो झोपड्या जमीनदोस्त झाल्या आणि उद्यानातल्या आदिवासी पाड्यांच्या डोक्यावरही टांगती तलवार राहिली. निसर्गप्रेमाची ही दोन रूपे आहेत. एकात शहर स्वतःला सुधारते, दुसऱ्यात ते दुबळ्याला हुसकते. स्वयंसेवकाने कोणत्या रूपाच्या बाजूने उभे राहावयाचे, हे आधी ठरविले पाहिजे.

म्हणून छावणीवरील स्वयंसेवेची योजना येथे आणावयाची तर तिला काही अटी असाव्यात. स्वयंसेवकाला बोलावण्याचा अधिकार ग्रामसभेचा असावा. वनखात्याच्या एका पत्राने तो गावाच्या डोक्यावर बसता कामा नये. पैशाचा व्यवहार, प्रवेशशुल्क, तंबूचे भाडे यांना त्याने हात लावू नये. तो पैसा गावाच्या समितीकडे जावा व त्याचा हिशेब चावडीवर लागावा. एका वेळी किती तंबू पडावेत, कोणते पाणवठे व देवराया वर्ज्य असाव्यात, शेकोटी कोठे चालेल, हे गावाने ठरवावे आणि स्वयंसेवकाने ते पाळून घ्यावे. त्याचे काम शक्यतो गाडीत बसण्यापूर्वीच, दादरच्या फलाटावर, सुरू व्हावे. आणि त्याला गावात ‘यजमान’ म्हणू नये. तो पाहुणाच राहावा. फक्त काम करणारा पाहुणा.

अशा पाहुण्याची मूर्ती महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) एखाद्या गावात आले, की प्रथम खराटा हाती घेत. गाव झाडून होईपर्यंत ते कोणाच्या दाराशी जात नसत. मग भाकरी मागून खात आणि रात्री कीर्तनात गावाचे डोळे उघडत. गावात येऊन त्यांनी कधी गावाची मालकी सांगितली नाही. अमेरिकेतल्या छावणीवर जे काम आज निवृत्त जोडपी करतात, त्याचे याहून उंच रूप वऱ्हाडातल्या या परिटाने फाटकी गोधडी पांघरून दाखविले. त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधविल्या, पण स्वतः त्यांच्या वळचणीलाही राहिले नाहीत. हक्क न सांगता केलेली चाकरी ही त्यांची शिकवण, आणि रानात जाणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाने तीच शिदोरी बरोबर न्यावी.

गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा दादरमध्ये आहे आणि तेथे कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातलग आसरा घेतात. हे स्थळ आणखी एका कर्तव्याची आठवण करून देते. ज्याला वनजमिनीवरच्या छावणीत सेवा करण्याची ओढ आहे, त्याने आपल्या घरासमोरची छावणीही पाहावी. परळला टाटा रुग्णालयाभोवतीच्या पदपथांवर दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली माणसे चादर अंथरून दिवस काढतात. त्यांना कोणत्या खिडकीवर कागद द्यावयाचा, रक्त कोठे मिळते, रात्री शौचाला कोठे जावे, हे सांगणारा कोणी हवा असतो. दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या मैदानावर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या लाखो अनुयायांची छावणी पडते. समता सैनिक दलाचे कार्यकर्ते रांगा लावतात, कित्येक संघटना जेवण-पाणी पुरवितात आणि तरीही दादरच्या काही सुखवस्तू घरांतून त्या दिवशी कपाळाला आठी पडते. सार्वजनिक जमिनीवर आलेल्या पाहुण्याचे यजमानपण करावयाचे, तर त्याचा पहिला धडा गिरविण्यासाठी कसाऱ्यापर्यंत जाण्याची गरज नाही. येथे मुंबईकर खरोखरच यजमान आहे आणि हे यजमानपण त्याने टाळता कामा नये.

विहारचे पाणी १८६० साली व तानसाचे १८९२ साली या शहराला मिळाले. तेव्हापासून गिरगाव-परळच्या नळांना रानातले पाणी येत आहे. आणि ज्या शहापूर तालुक्याच्या रानांतून आज त्यातले पुष्कळसे येते, तेथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहत बसतात. मुंबई शतकाहून अधिक काळ रानाचा पाहुणचार घेत आली आहे. तिने आता निदान खराटा हाती घ्यावा, भाकरीचे दाम रोख मोजावे, आणि घराच्या धन्याला त्याच्या घराचा सातबारा मिळावा म्हणून त्याच्या शेजारी उभे राहावे. एवढे झाले तर वनजमिनीवर पडणारा तंबू गावाला भार वाटणार नाही.